गिटारचा प्रतिध्वनि

माथेरानला गेलेला प्रवासी 'एको पॉइंट'वर पोहोंचला, कीं पहिली गोष्ट करतो ती हांक मारण्याची. समोरच्या कड्याकडून ती हांक परत येते, आणि मग लहानथोर सारेच तो खेळ पुन्हा पुन्हा खेळूं लागतात. खेळतां खेळतां मुलें एक गोष्ट आपोआप शिकतात. लागोपाठ हांका मारल्या, तर नुसता कालवा होतो; एक हांक मारून स्वस्थ राहिलें, तर कडा स्पष्ट उत्तर देतो. इलेक्ट्रिक गिटार वाजविणाऱ्याच्या पायाशीं जी धातूची लहानशी डबी असते आणि जिला 'डिजिटल डिले पेडल' म्हणतात, ती म्हणजे असाच एक विकत मिळणारा कडा होय. तो घेतांना काय पाहावें आणि घेतल्यावर त्याच्याशीं कसें वागावें, याविषयीं नव्या वादकांच्या मनांत पुष्कळ गोंधळ असतो. दुकानांतील झगमगाटानें तो कमी होत नाहीं; उलट वाढतो.

ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. म्हणजे कडा १७० मीटरांवर असेल, तर हांक जाऊन परत येण्यास एक सेकंद लागेल. ८५ मीटरांवर असेल, तर अर्धा सेकंद. सेकंदाच्या हजाराव्या भागास मिलिसेकंद म्हणतात, आणि डिले पेडलचा सारा व्यवहार याच नाण्यांत चालतो. अर्धा सेकंद म्हणजे ५०० मिलिसेकंद. कडा फारच जवळ आला, तर मात्र एक चमत्कार घडतो : प्रतिध्वनि निराळा असा ऐकूंच येत नाहीं. जर्मनींतील ग्योटिंगेन येथें हेल्मुट हास यांनीं १९४९ सालच्या आपल्या प्रबंधांत या गोष्टीचा अभ्यास केला. मूळ शब्दामागून तीसेक मिलिसेकंदांच्या आंत आलेली त्याची पुनरावृत्ति कानास स्वतंत्र वाटत नाहीं. ती मूळ आवाजांत मिसळून त्याला भरदारपणा आणते. त्यापुढें बरेंच अंतर पडलें, कीं कान दोन आवाज मोजूं लागतो. म्हणून पेडलवरील वेळेचा नॉब केवळ जवळ-दूर दाखविणारा आहे असें समजूं नये. त्याच्या एका टोकाला एक वस्तु मिळते, आणि दुसऱ्या टोकाला अगदीं निराळी.

कृत्रिम कडा संगीतांत प्रथम लोकप्रिय झाला तो चुंबकीय फितीच्या साहाय्यानें. अमेरिकेंतील मेंफिस शहरीं सॅम फिलिप्स यांच्या 'सन' स्टुडिओंत १९५४ सालीं एल्व्हिस प्रेस्ली यांचीं पहिलीं व्यावसायिक गाणीं ध्वनिमुद्रित झालीं. त्या स्टुडिओच्या मुद्रणांत आवाजाच्या पाठीवर थाप मारल्यासारखा जो एकच झटपट प्रतिध्वनि ऐकूं येतो, तो फितीच्या यंत्रानें निर्माण केलेला आहे. त्यामागील युक्ति साधी. फीत लिहिणाऱ्या डोक्यावरून आधीं जाते आणि वाचणाऱ्या डोक्यावरून थोड्या वेळानें. फीत सेकंदाला १५ इंच धांवत असली आणि दोन डोक्यांत दोन इंचांचें अंतर असलें, तर वाचलेला आवाज सुमारें १३३ मिलिसेकंद उशिरानें येतो. पुढें हीच युक्ति सुट्या पेटींत बसविण्यांत आली. 'एकोप्लेक्स'मध्यें फितीचें वेटोळें होतें. इटलीच्या 'बिन्सन एकोरेक'मध्यें फितीऐवजीं फिरतें चुंबकीय चाक होतें, आणि पिंक फ्लॉइड या बँडचे डेव्हिड गिल्मर यांनीं तें बरींच वर्षें वापरलें. जपानच्या रोलंड कंपनीचा 'स्पेस एको' १९७४ सालीं निघाला. या पेट्यांचा आवाज असा रसाळ, कीं आजही जाणकार त्याची आठवण काढतात. पण फीत झिजे, डोकीं मळत, स्वर किंचित् डुलूं लागे, आणि यंत्राची निगा राखण्यांत वादकाचा वेळ जाई.

१९६९ सालीं हॉलंडांतील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत सँगस्टर व टीर या दोघांनीं फितीवांचून विलंब घडविणारी एक विद्युत्-रचना काढली. गांवांत आग लागली असतां विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग उभी राहते आणि पाण्याच्या बादल्या हातोहात पुढें जातात. तशीच ही रचना, आणि तिचें नांवही 'बकेट ब्रिगेड', म्हणजे बादल्यांची पलटण, असेंच पडलें. प्रत्येक बादलींत त्या त्या क्षणाच्या विजेचा थोडा थोडा सांठा असतो. हातोहात जातांना पाणी थोडें हिंदकळतें, थोडें सांडतें; म्हणून या 'ॲनालॉग' पेडलांचा प्रतिध्वनि दर फेरीला अधिक अंधुक आणि मऊ होत जातो. कित्येकांस तेंच आवडतें, आणि त्यांत त्यांचें कांहीं चुकत नाहीं.

डिजिटल पद्धतींत पाणी सांडत नाहीं, कारण तेथें पाणी नेलेंच जात नाहीं. त्याचें मोजमाप लिहून नेलें जातें. गिटारकडून आलेल्या विजेचा दाब सेकंदांतून हजारों वेळां मोजतात. माप सेकंदाला ४४,१०० वेळां घेतलें आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहिलें, तर प्रत्येक वेळीं ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एक निवडली जाते; आणि एका सेकंदाच्या विलंबासाठीं असे ४४,१०० आंकडे यंत्राला लक्षांत ठेवावे लागतात. यंत्राची स्मृति म्हणजे खणांचें एक वर्तुळ आहे अशी कल्पना करावी. एक लेखनिक एकेका खणांत आंकडा लिहीत पुढें चालला आहे. त्याच्या मागून ठराविक अंतर राखून दुसरा वाचीत येत आहे. फेरी पुरी झाली, कीं जुन्या आंकड्यांवर नवे लिहिले जातात. दोघांमधील अंतर हाच विलंब. अमेरिकेंतील लेक्सिकन आणि इव्हेंटाइड या कंपन्यांनीं १९७१ सालीं अशीं यंत्रें विक्रीस आणलीं, तीं स्टुडिओंसाठीं. पुढें १९८३ सालीं रोलंडच्याच 'बॉस' या नांवाखालीं 'डी-डी-२' ही डबी निघाली. पायाखालीं मावणारें पहिलें डिजिटल डिले पेडल म्हणून तीच ओळखली जाते. तिचा सर्वांत लांब विलंब ८०० मिलिसेकंदांचा होता, आणि आजही बहुतेक गाण्यांचें काम तेवढ्यांत भागतें.

त्या डबीवर चार नॉब होते. विलंबाचा पल्ला ठरविणारा एक सोडला, तर उरलेले तीन जगांतील जवळजवळ प्रत्येक डिले पेडलवर कोणत्या ना कोणत्या नांवानें सांपडतात. एक वेळेचा. दुसरा पुनरावृत्तीचा, ज्याला 'फीडबॅक' म्हणतात : वाचणाऱ्यानें वाचलेलें पुन्हा लिहिणाऱ्याच्या हातीं किती द्यावयाचें, हें तो ठरवितो. थोडें दिलें, तर प्रतिध्वनि दोन-तीन वेळां येऊन विरतो; बहुतेक सारें दिलें, तर तो विरतच नाहीं. तिसरा नॉब प्रतिध्वनीच्या मोठेपणाचा. नव्या वादकाच्या बहुतेक चुका या दुसऱ्या आणि तिसऱ्या नॉबवर होतात. घरीं एकट्यानें वाजवितांना दोन्ही नॉब वर चढविले, कीं एका स्वराचे दहा होतात, खोली भरून जाते, आणि आपला हात एकाएकीं तयार झाल्यासारखा वाटतो. तोच वादक तीच योजना घेऊन बँडमध्यें उभा राहतो, तेव्हां ड्रम, बास आणि गायकाचा आवाज यांच्या गर्दींत त्याच्या दहा स्वरांपैकीं एकही नीट पोहोंचत नाहीं.

महाराष्ट्रांत जत्रेंतल्या किंवा ऑर्केस्ट्रांतल्या निवेदकाच्या मायक्रोफोनला 'इको' लावण्याची हौस फार. त्यामुळें हरवलेल्या मुलाचें नांव चार वेळां ऐकूं येतें आणि एकदांही कळत नाहीं. गिटारचेंही तसेंच होतें. म्हणून बँडमध्यें वाजवितांना प्रतिध्वनीचा आवाज हळूहळू वाढवीत न्यावा, तो स्वतंत्रपणें कानांत भरूं लागला कीं थांबावें, आणि तेथून किंचित् खालीं यावें. पेडल चालू असतांना त्याची जाणीव होऊं नये. बंद केल्यावर मात्र कांहींतरी गेल्यासारखें वाटावें. एकल वादनाच्या तुकड्याला याहून थोडें अधिक चालतें, व संथ, विरळ स्वरांच्या गाण्याला आणखी अधिक.

याला एक मोठा अपवाद आहे. त्यांत प्रतिध्वनि सजावट म्हणून येत नाहीं. तो स्वतःच अर्धें वादन करतो. डब्लिनच्या यू-टू या बँडचे गिटारवादक डेव्हिड इव्हान्स, ज्यांना जग 'दि एज' या नांवानें ओळखतें, त्यांनीं या रीतीला मोठी प्रसिद्धि मिळवून दिली. आरंभीं त्यांच्यापाशीं बादल्यांच्या पलटणीचें 'मेमरी मॅन' पेडल होतें. पुढें कॉर्ग कंपनीचें 'एस-डी-डी-३०००' हें डिजिटल यंत्र आलें. १९८७ सालच्या 'द जोशुआ ट्री' या संग्रहांतील पहिल्याच गाण्यांत त्यांची ही रीत ऐकावयास मिळते. इंग्रजींत तिला 'डॉटेड एट्थ' असें बोजड नांव आहे. मराठींत तिला 'पाऊण मात्रा' एवढें म्हटलें, कीं काम भागतें. आणि ज्यानें तबल्याची लयकारी थोडीबहुत हाताळली आहे, त्याला पाऊण हा शब्द मुळींच भिववीत नाहीं.

हिशेब असा. लय मिनिटाला १२० मात्रांची धरावी. मिनिटांत ६०,००० मिलिसेकंद असतात. त्यांस १२० नीं भागलें, म्हणजे एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची झाली. तिची पाऊण म्हणजे ३७५. पेडल ३७५वर लावावें, पुनरावृत्ति एकच ठेवावी आणि प्रतिध्वनीचा आवाज मूळ स्वराच्या जवळपास आणावा. आतां प्रत्येक मात्रेचे चार समान भाग कल्पून वादकानें फक्त पहिल्या आणि तिसऱ्या भागावर स्वर छेडावा. पहिल्या भागावरील स्वराचा प्रतिध्वनि तीन भाग पुढें, म्हणजे त्याच मात्रेच्या चौथ्या भागावर पडेल. तिसऱ्या भागावरील स्वराचा प्रतिध्वनि पुढच्या मात्रेच्या दुसऱ्या भागावर पडेल. रिकामी राहिलेली दोन्ही घरें भरलीं. वादक सेकंदाला चार स्वर वाजवितो आणि श्रोत्यांना आठ ऐकूं येतात; शिवाय भरलेल्या घरांतील स्वर हे थोड्या वेळापूर्वींचे असल्यामुळें, वाजविणाऱ्याच्या मनांतही नसलेली एक वीण तयार होते. विलंब पाऊण मात्रेऐवजीं अर्ध्या मात्रेचा ठेवला असता, तर प्रतिध्वनि वादकाच्या पुढल्या स्वराच्याच डोक्यावर येऊन बसला असता आणि घरें रिकामींच राहिलीं असतीं. साराच चमत्कार त्या पाव मात्रेचा आहे.

परंतु या रीतींत वादक एका कठोर सोबत्याच्या हातीं सांपडतो. पेडलला कान नाहींत. बँड भरांत येऊन १२०ची लय १२६वर गेली, तर पाऊण मात्रा सुमारें ३५७ मिलिसेकंदांची होते. पेडल मात्र ३७५लाच धरून बसतें. अठरा मिलिसेकंदांचा हा फरक सांगावयास क्षुल्लक, पण कानास तो लंगडल्यासारखा लागतो, आणि बँडमधील प्रत्येकास वाटतें कीं दुसराच कोणी चुकत आहे. यावर उपाय दोन. ड्रम वाजविणाऱ्यास गिटारचा प्रतिध्वनि स्पष्ट ऐकूं येईल अशी मंचावर व्यवस्था करावी, म्हणजे तो प्रतिध्वनीला धरून चालूं शकतो. किंवा ज्यावर पायानें लय ठोकून देतां येते असें पेडल घ्यावें. या सोयीस 'टॅप टेंपो' म्हणतात. बँडमध्यें वाजविणाऱ्याला इतर कोणत्याही सोयीहून ही एक सोय अधिक उपयोगी पडते. पेडल घेतांना ठोकलेल्या लयीची पाऊण मात्रा तें आपण होऊन काढतें कीं नाहीं, हेंही विचारून घ्यावें. कांहीं काढतात, कांहींना साध्या मात्रेपलीकडे समजत नाहीं.

आतां खरेदीचा विचार. कॉलेजांतला एखादा मुलगा वर्षभर शिकवण्या करून चार पैसे सांठवितो आणि दुकानांत जातो. तेथें एका बाजूस मोठ्या पेट्या असतात. लाइन-६ कंपनीच्या १९९९ सालच्या 'डी-एल-४' या हिरव्या पेटीनें फितीचें, बादल्यांचें, आंकड्यांचें अशीं अनेक यंत्रांचीं सोंगें एकाच जागीं आणलीं, आणि तेव्हांपासून जितकीं सोंगें अधिक तितकें पेडल श्रेष्ठ, अशी समजूत होऊन बसली आहे. दुसऱ्या बाजूस अगदीं स्वस्त डब्या असतात. त्यांपैकीं पुष्कळांत तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजी कंपनीची 'पी-टी-२३९९' नांवाची चिप असते. डबीवर 'ॲनालॉगची ऊब' असें कांहींबाहीं छापलेलें असलें, तरी आंत आंकडेच असतात. ही चिप वाईट मुळींच नव्हे. आखूड विलंबाला ती गोड लागते. पण तिच्या उत्पादकांनीं सांगितलेली मर्यादा सुमारें ३४० मिलिसेकंदांची आहे. तिला त्यापुढें ताणतां येतें आणि ताणलेंही जातें, मात्र विलंब जसा लांबतो तसा प्रतिध्वनि खरखरीत होत जातो. वर ज्या पाऊण मात्रेचा हिशेब केला, तिला ३७५ मिलिसेकंद लागतात. म्हणजे यू-टूच्या वादनावर लुब्ध होऊन जो मुलगा दुकानांत गेला, त्याला स्वस्त डबी नेमक्या त्याच ठिकाणीं दगा देण्याचा संभव आहे. आणि ज्याला मेंफिसचा तो एकच झटपट प्रतिध्वनि हवा आहे, त्याने मोठी पेटी घेतली, तर त्याचे पैसे व्यर्थ गेले. सबब, घरून निघण्यापूर्वीं आपण कोणतीं गाणीं वाजविणार, त्यांची लय काय, आणि त्यांस किती मिलिसेकंद लागतील, हें कागदावर मांडून न्यावें. मंचावर एका बैठकींत निरनिराळ्या लयीचीं दहा-बारा गाणीं वाजविणाऱ्यास जुळविलेल्या योजना सांठवून ठेवणारें पेडल लागतेंच. घरीं शिकणाऱ्यास तें अडचणीचेंच होतें. त्याचा अर्धा वेळ पडद्यावरील अक्षरें वाचण्यांत जातो.

दुकानांत परीक्षा स्वतःच्या गिटारवर करावी. विक्रेत्याच्या उंची गिटारवर सारेंच गोड लागतें. एक तार दाबून आखूड, कोरडा स्वर काढावा आणि थांबावें. पहिला प्रतिध्वनि सर्वच पेडलांचा चांगला असतो. कान द्यावयाचा तो चौथ्या-पांचव्याला. तो स्वच्छ राहतो, मऊ होतो, कीं त्यांत कचरा सांचतो? मग प्रतिध्वनीचा आवाज शून्यावर आणून मूळ स्वर ऐकावा, आणि पेडल बंद करून तोच स्वर पुन्हा ऐकावा. कांहीं पेडलें मूळ स्वर जसाच्या तसा सरळ पुढें पाठवितात आणि प्रतिध्वनि तेवढा त्यांत मिसळतात. कांहीं मात्र मूळ स्वराचेही आंकडे करून पुन्हा त्याचा आवाज बनवितात. दुसऱ्या प्रकारांत फरक पडतोच असें नाहीं, पण पडत असल्यास तो येथें कळतो.

विजेकडे बहुतेकांचें दुर्लक्ष होतें. साधारणतः ही पेडलें ९ व्होल्टांवर चालतात आणि बहुतेकांना मध्यभागीं ऋण असलेला अडॅप्टर लागतो. उलट जोडला, तर पेडल जळूं शकतें. डिजिटल पेडल बॅटरी फार लवकर खातें. एकाच अडॅप्टरवर पांच-सहा पेडलें माळेसारखीं जोडलीं, कीं त्यांतील डिजिटल पेडलची बारीक किणकिण पुष्कळदां इतरांच्या आवाजांत शिरते. त्यासाठीं प्रत्येकास अलग वीज देणारा पुरवठा घ्यावा. नवें पेडल घेऊन त्याला हलका अडॅप्टर लावणें ही काटकसर अखेरीस महागांत पडते.

पेडलांच्या रांगेंत डिलेची जागा सहसा विकृतीच्या, म्हणजे डिस्टॉर्शनच्या, पेडलनंतर. आधीं आवाज खरवडावा आणि मग त्या खरवडलेल्या आवाजाचा प्रतिध्वनि काढावा. उलट केलें, तर सारे प्रतिध्वनि एकत्र खरवडले जाऊन त्यांचा लगदा होतो. विकृति ॲम्प्लिफायरमध्येंच होत असेल, तर डिले त्याच्या 'इफेक्ट्स लूप' या मागील वाटेनें जोडावें. हा नियम वज्रलेप नाहीं. फितीच्या काळीं कित्येकांनीं आपलीं यंत्रें तापलेल्या ॲम्प्लिफायरच्या पुढेंच जोडलीं आणि त्या लगद्यांतूनच नामांकित ध्वनिमुद्रिका निघाल्या.

शेवटीं एक बारीकशी गोष्ट, जी दुकानांत कोणाच्या लक्षांत येत नाहीं आणि पहिल्याच कार्यक्रमांत नडते. गाण्याच्या मध्यें पेडल बंद केल्यावर कांहीं पेडलांचे उरलेले प्रतिध्वनि तत्काळ तुटतात, तर कांहींचे आपले आपण विरेपर्यंत चालूं राहतात. कडवें संपून गायकानें पुढला शब्द घ्यावयाचा असेल, तेथें तुटणें सोईचें. संथ गाण्याच्या अखेरच्या स्वरावर तेंच तुटणें दार आपटल्यासारखें लागतें. बऱ्याच नव्या पेडलांत या दोहोंपैकीं एक निवडण्याची सोय असते, पण ती आंतल्या एखाद्या लहानशा स्विचवर, किंवा चालू करतांना बटन दाबून धरण्यासारख्या युक्तीवर बेतलेली असते. विक्रेत्यास ती माहीत असेलच असें नाहीं. पेडलबरोबर आलेली पुस्तिका तेथेंच उघडून ती पाहून घ्यावी, आणि तसें करून एकदां स्वर छेडून, पेडल बंद करून, पुरतें शांत होईपर्यंत ऐकावें.